शनिवारचं परमिट

वर्तकसाहेबांनी फ्रीजमधला सोडून दुसरा बर्फ जन्मात पाहिलेला नाही. तरीही आल्प्समधला कोणता उतार उद्या कोसळेल हे विचारायचं झालं, तर इथे आखातात, अल सद्दमधल्या आमच्या बिल्डिंगमध्ये माणूस एकच.

साहेब आमच्या वरच्या मजल्यावर एकटे राहतात. गॅस प्लांटवर सेफ्टीत आहेत. परमिटवर सही झाल्याशिवाय कुणी पान्याला हात लावायचा नाही आणि काम संपलं की परमिट क्लोज करायचं, हा तिथला नियम. साहेबांनी तो घरी आणला. त्यांची एकुलती एक मुलगी मुक्ता स्वित्झर्लंडमध्ये नोकरी करते आणि हिवाळाभर दर शनिवारी स्की घेऊन डोंगरात जाते. तेही चारचौघं जातात त्या राखलेल्या उतारावर नाही, जिथे कुणीच जात नाही तिथे.

शुक्रवारी संध्याकाळी आपल्या सातला तिथलं हिमकडे कोसळण्याच्या धोक्याचं बुलेटिन येतं. आकडे एक ते पाच, पाच म्हणजे सगळ्यात वाईट. कुणाकडे सत्यनारायण असो की मॅच, सातला साहेब उठतात. "यल्ला, चला, बुलेटिन." मग मुलीला मेसेज जातो : 'उद्या दोन. उत्तरेचे उतार टाळणे. तीस अंशांच्या आतल्या उतारावर राहणे. परमिट ग्रँटेड.'

पुढे हे वेड पसरलं. "किती अंश?" हा प्रश्न ते पार्किंगच्या उतारालाही विचारतात. वाळूच्या टेकड्यांवर पिकनिकला गेलो, तर पोरं घसरत होती तिथे साहेबांनी फोन टेकवून मोजलं. "चौतीस. एका वेळी एकच जाईल, बाकीचे त्याच्यावर नजर ठेवतील."

"अंकल, इट्स जस्ट सँड," माझी मुलगी म्हणाली.

"थर सगळीकडे असतात, बाळा."

तिच्या वाढदिवसाला त्यांनी स्वतःच्या केकच्या तुकड्यावर बर्फाची परीक्षा करून दाखवली. वर बशी ठेवायची, मनगटातून दहा टपल्या, मग कोपरातून दहा. बाराव्या टपलीला वरचा थर सरकला आणि थेट माझ्या बायकोच्या ओढणीवर गेला. "बघा नीतावहिनी, कमकुवत थर," साहेब समाधानाने म्हणाले. नीताने त्यांना दुसरा तुकडा दिला नाही.

शनिवारी ते आमच्याकडे जेवतात. म्हणजे येतात एकला आणि जेवतात तीनला, मुक्ताचा 'क्लोज' आला की. तोवर पाण्याशिवाय काही घेत नाहीत. नीता आता त्यांच्या पोळ्या तीनलाच लाटते.

गेल्या महिन्यात एका शुक्रवारी आकडा चार आला. साहेबांनी लिहिलं, 'परमिट नाही.' मुक्ताचं उत्तर आलं, 'नोटेड.' बस, एवढंच.

दुसऱ्या दिवशी साहेब नेहमीसारखे येऊन बसले. तीन वाजले, साडेतीन झाले. नीताने पोळ्या लाटून झाकून ठेवल्या. मी म्हटलं, "साहेब, आज परमिटच दिलं नाहीत. मग वाट कसली बघताय?"

"दिलं नाही, म्हणूनच."

फोन उचलून विचारायचं धाडस त्यांना होत नव्हतं, आणि त्यांच्याकडे बघायचं मला. मी न राहवून बोललो, "एकदाच स्पष्ट सांगा ना तिला, हे बंद कर म्हणून."

"सांगितलं, तर जायची थांबणार नाही हो. मला सांगायची थांबेल."

मी पाण्याचा ग्लास भरून त्यांच्यापुढे ठेवला.

पावणेचारला फोन वाजला. फोटो होता. खोलीच्या कोपऱ्यात उभ्या केलेल्या स्की, शेजारी वाळत घातलेलं धुणं. खाली लिहिलं होतं : 'स्की घरात, मी पण घरात. ग्रुपमधले सगळे गेले, मी नाही गेले. सकाळी परत झोपले ती आत्ता उठले, सॉरी. जेवा आता, बाबा.'

साहेबांनी ते तीनदा वाचलं, मग चष्मा काढून पुसला. मुक्ताला यातलं काही ठाऊक नसेल असं मी इतके दिवस समजत होतो. तिला त्यांच्या जेवणाची वेळसुद्धा ठाऊक होती.

"खलास," साहेब म्हणाले. "वाढा, वहिनी."

त्या दिवशी त्यांनी पाच पोळ्या खाल्ल्या.