अनिशचं कडक गेट

अनिशच्या मते माणसाची पत्रिका बघायची गरजच नव्हती. तो प्रोग्राम कुठल्या भाषेत लिहितो एवढं विचारलं, की स्वभाव कळला. पायथनवाले अघळपघळ, जावावाले हुकमाचे ताबेदार आणि रस्टवाले काटेकोर. तो स्वतः अर्थातच रस्टवाला. पोरगा तल्लख होता यात वादच नाही. पण या एका प्रश्नापायी दोन स्थळं पोह्यांची बशी खाली ठेवून उठून गेली होती.

"आज भाषेचं नाव काढलंस तर बघ," सुगंधाताईंनी लेकाला बजावलं. आज येणाऱ्या स्थळाचा, समिधाचा, फोटो पाहिल्यापासून त्याचाही जीव तिच्यात अडकला होता, म्हणून तो निमूट कबूल झाला. तिच्या बायोडेटात नुसतं 'आयटी' लिहिलं होतं, हे मात्र त्याला आतून कुरतडत होतं.

काशीगावातल्या त्यांच्या सोसायटीच्या गेटचा प्रोग्राम अनिशनेच लिहिला होता. नोंदवलेलीच गाडी आत यायची आणि पायी येणाऱ्याने फोन दाखवायचा. नेमकी पाहुण्यांची गाडी घोडबंदरला पंक्चर झाली आणि समिधा आईवडिलांसह रिक्षाने आली. गेटचा आडवा दांडा हलेना. त्यांना घ्यायला नाक्यावर धावताना अनिशचा फोन घरी राहिलेला, त्यामुळे गेटच्या लेखी तोही परकाच. मागे पाण्याचा टँकर येऊन भोंगा वाजवू लागला.

"अरे, उघड की," आतून सुगंधाताई म्हणाल्या.

"मलापण परमिशन नाहीये. मीच काढून घेतलीय. माणसावर भरवसा ठेवला की सिस्टीम बिघडते."

"अनिशभाई," गॅलरीतून शेजारच्या हंसाबेन म्हणाल्या, "टँकर वापस गया तो हम सब तेरे घर नहाने आयेंगे."

समिधा रिक्षातून उतरली, पदर सावरून दांड्याखालून वाकून आत गेली, वॉचमनच्या केबिनमधलं गेटचं बटण बंद केलं आणि दांडा हाताने वर केला. रिक्षा आत गेली, टँकर आत गेला.

"दोन बग," ती म्हणाली. "दांड्याखालून कुणीही वाकून येतं आणि बटण कुणीही बंद करतं."

अनिशला राहवलं नाही. "तुम्ही कुठल्या भाषेत काम करता?"

सुगंधाताईंनी कपाळाला हात लावला.

"कुठल्याच नाही. मी टेस्टर आहे. हुशार माणसांनी लिहिलेलं मोडून दाखवते."

हिला कुठल्या खान्यात बसवायचं, याचा विचार करत अनिश गेटबाहेरच उभा राहिला. तेवढ्यात वॉचमनने सवयीने बटण चालू केलं आणि दांडा खाली आला. सुगंधाताई एव्हाना समिधाचा हात धरून जिन्याकडे निघाल्या होत्या. समिधाने मागे वळून पाहिलं.

"या की. पोहे निवतील."

"फोन घरी आहे," अनिश म्हणाला.

"मग वाका."

आणि रस्टवाला अनिश वाकला.