नानांची सागवानी जमीन

आमच्या नानांकडे गेलं की त्यांचं बोलणं बऱ्याचदा पायाखालून यायचं. आपण बैठकीत चहा पीत बसलेलो असायचो आणि फरशीखालून आवाज, "साखर बराबर हाय ना?"

नाना बोरगाव मेघेत माझ्या शेजारी राहतात. दवाखान्यात कंपाउंडर होते, आता निवृत्त. घरी ते आणि काकू. काळी माती फुगते आणि भिंती तडकतात, म्हणून त्यांनी घर बुटक्या खांबांवर उचलून बांधलं. त्यामुळे घराखाली दीड हात पोकळी. तिथे मांजरच जाऊ शकेल असं आपल्याला वाटतं. नाना जातात, तेही चष्म्यासकट.

गेल्या उन्हाळ्यात त्यांनी जाहीर केलं, की बैठकीतली फरशी काढून सागवानी पट्ट्यांची जमीन करायची. सेलूचे गजानन मिस्त्री आले, वाकून पोकळीत टॉर्च मारला आणि म्हणाले, "नाना, इथं मुरूम भरा अन् वरून टाइल बसवा. खालून ओल येईन, लाकूड फुगन."

"म्हणूनच घाई नाई करायची. आधी पेशंट तपासू."

त्यासाठी त्यांनी ओल मोजायचं एक यंत्र मागवलं. पुढे दोन सुया, वर आकडा. ते पट्ट्यांना टोचून झालं, माझ्या दाराला टोचून झालं. एकदा आमच्या घरी जेवायला बसले असताना त्यांनी ते भाकरीत खुपसलं. "अजून शेकाले पाह्यजे," म्हणाले. माझ्या बायकोने रागाने भाकरी मोडून दाखवली. मधे खरंच कच्ची होती.

पट्ट्या पावसाळाभर बैठकीत रचून ठेवल्या, मधे मधे फटी सोडून. लाकडाला घराची हवा लागली पाहिजे म्हणे. आल्या-गेल्याला व्हरांड्यात बसावं लागे. मिस्त्री वैतागले. "नाना, लाकूड हाय ते, नवी सून नाई, इतके दिवस घरात रुळवाले."

"सून जमवून घेते बापा. लाकूड नाई घेत."

पोकळीतल्या मातीवर त्यांनी स्वतः सरपटत जाऊन जाड प्लास्टिक अंथरलं, सांधे चिकटवले. हवा खेळावी म्हणून झरोके मोठे केले, उंदरांसाठी जाळ्या लावल्या. आणि भाद्रपदात तीन दिवस अशी झड लागली, की पाणी थेट आत शिरलं. मी पाहिलं तेव्हा नानांचे फक्त पाय बाहेर होते. वय अडुसष्ट. मी दुसऱ्या बाजूने बादली घेऊन घुसलो. चिखलात पोटावर पडून आम्ही समोरासमोर आलो.

"नाना, मुरूम काऊन नाई भरत तुमी?"

"भरला त सारं ठोस होते."

"मंग?"

"मंग काई नाई. बकेट सरकव."

मग त्यांनी घराभोवती चर खणवला. पाऊस गेला, ओल उतरली. दिवाळीनंतर यंत्रावर हवा तो आकडा दिसला तेव्हा नानांनी गल्लीत पेढे वाटले. लोकांना वाटलं, नातू झाला.

चार दिवसांत जमीन बसली. भिंतीकडेने बोटभर फट सोडायला लावली. "पोट भरलं का पट्टा सैल करा लागते," हे त्यांचं कारण.

जमीन पाहायला नाना मला घेऊन गेले. काकू दाराकडे पाठ करून नव्या जमिनीवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होत्या. काकूंना तीन वर्षांपासून ऐकू येत नाही. कानाचं यंत्र डब्यात पडून असतं, त्याने डोकं दुखतं म्हणतात. नाना उंबऱ्यात थांबले.

"मागून गेलं का दचकते ते," हळूच म्हणाले. "तीन वर्सं झाले, मी आंगणातून वळसा घालून तिच्या समोरून येतो. फरशीवर काई समजत नाई ना. पोकळीवरचं लाकूड कसं, इकडं पाय ठेवला का तिकडं जाते."

त्यांनी चप्पल काढली आणि पट्टीवर टाच टेकवली. मागोमाग मीही आत आलो.

काकूंनी मान वळवली नाही. शेंगा सोलता सोलता म्हणाल्या, "या. संग कोन हाय? बसा म्हना त्याईले, चहा ठेवतो."