तळाचा कागद

अंतराने कपाटातले दोन पुठ्ठे बाहेर काढले, वेगळे केले आणि ती तशीच उभी राहिली. मधे कागद नव्हता. कुवेतमधल्या मंगफच्या त्या लहानशा फ्लॅटच्या हॉलमध्ये प्रोफेसर ब्रांट चहाची वाट बघत बसले होते, आणि चहापेक्षा जास्त त्या कागदाची.

प्रोफेसर मूळचे जर्मनीचे, जुन्या ग्रीक शिलालेखांचे जाणकार. दोन वर्षांच्या करारावर कुवेतला आले आणि बावीस वर्षं राहिले. तिकडे त्यांच्या बरोबरीच्यांना मोठी पदं मिळाली. यांना कुवेतजवळच्या एका बेटावरचा खारा वारा मिळाला. त्या बेटावर कधीकाळी ग्रीकांची वस्ती होती आणि तिथले झिजलेले दगड प्रोफेसर वाचत. दगडावर ओला जाड कागद बसवायचा, ब्रशने ठोकून ठोकून अक्षरांत भरायचा आणि वाळला की अलगद सोडवायचा, म्हणजे दगडाचा ठसा घरी नेता येतो. हे काम अंतराचे वडील सखाराम करत. मूळचे प्लास्टरचे मिस्त्री. प्रोफेसर तीन कागद फाडत तेवढ्यात सखारामांचा एक निघे, तोही अख्खा. त्यांच्या संगतीत प्रोफेसर मराठीही शिकले. पण ती संगमेश्वरकडची.

सखाराम चार महिन्यांपूर्वी गेले. त्यांनी घेतलेला शेवटचा ठसा या पुठ्ठ्यांत होता. मूळ दगड नंतर फुटला होता. परवा प्रोफेसरांचं निरोपाचं व्याख्यान होतं आणि त्यात हाच ठसा दाखवायचा होता.

"काय गो, सापडला न्हाय?" हॉलमधून आवाज आला.

"आधी चहा टाकते," असं म्हणून अंतराने स्वयंपाकघर गाठलं, दूध गॅसवर ठेवलं आणि शत्रुघ्नकाकांना फोन लावला.

शत्रुघ्नकाका वडिलांचे गाववाले. खोका बांधण्यात फहाहीलपासून मंगफपर्यंत त्यांचा हात धरणारा नव्हता. टेप, नायलॉनची दोरी, सहाही बाजूंना मार्करने नाव. पंधरा दिवसांपूर्वी गावी जाताना वडिलांचे कपडे त्यांनीच नेले होते.

"काका, खोका भरताना कपाटातला पांढरा जाड कागद घेतलात?"

"घेतला म्हंजे? तळाला जाड कागद लागतोच. न्हायतर दोरी आवळली की खोका बसतो. इतका झकास कागद मी तीस वर्षांत बघितला नव्हता."

"मला विचारायचं तरी!"

"तुला काय विचारू? तू रडत होतीस. आणि त्याच्यावर काय लिवलेलं पण नव्हतं. नुसते पोचे."

"काका, ते पोचेच महत्त्वाचे होते."

"आता बघ! पोचे जाऊ देत म्हणून मी वर उभा ऱ्हायलो होतो."

अंतराने फोन ठेवला आणि आत्याला, गोदूबाईंना, स्पीकरवर लावला. खोका त्यांच्याकडेच पोचला होता.

"आत्या, खोक्याच्या तळाचा कागद आहे ना?"

"हाय की. असला कागद टाकवतो होय? चांगला पुसून घेतला."

"ओल्या फडक्यानं?" अंतराने घाईने विचारलं. पाणी लागलं की ठसा संपला.

"कोरड्या गो. दादाच्या खोक्यातला तो. त्याला वल्लं कशाला लावीन?"

"मग आता कुठंय?"

"अंगणात. गिरणीतनं हळद आणली, ती त्याच्यावर वाळवतेय."

"हळद?" मागून कुणीतरी म्हणालं. दारात प्रोफेसर उभे होते. त्याच क्षणी दूध उतू गेलं.

"सर, चूक माझी आहे," गॅस बंद करत अंतरा म्हणाली. "मी काकांना कपाट उघडून दिलं आणि आत जाऊन बसले. बाबांचं शेवटचं काम होतं, तेही मला सांभाळता आलं नाही."

प्रोफेसरांनी फोनसाठी हात पुढे केला. "गोदूबाई, व्हिडिओ लावा."

पडद्यावर आधी एक कान आला, मग कोंबडी, मग पिवळाधमक ढीग.

"हळूच फुंकर मारा."

"माझी हळद उडंल!"

"भात निववतात तशी."

"बाई! हे पण ठावं हाय?"

"सखारामनं शिकवलं."

गोदूबाईंनी ढीग हाताने बाजूला सारला आणि फुंकर मारली. वरची पूड उडाली, पोच्यांतली राहिली. पांढऱ्या कागदावर पिवळी अक्षरं उभी राहिली. प्रोफेसरांनी चष्मा काढला, पुसला, घातला आणि बोटाने मोजू लागले.

"धा."

"काय दहा?"

"ओळी. मी अकरा वर्षं छापून सांगतोय, नऊ. खाली भेग हाय म्हणून. ह्यो ठसा पण भिंगातनं बघितला, तरी भेगच म्हणालो. ती भेग न्हाय गो, ओळ हाय!" ते स्टुलावर बसले. "आणि हेच मी परवा शंभर लोकांपुढं परत सांगणार होतो. वाचलो!"

"काय लिहिलंय?"

"ज्यानं कोरलं त्याचं नाव. अर्धंच ऱ्हायलंय."

अंतराने उतू गेलेलं दूध पुसायला घेतलं.

"झालं ना बघून?" फोनमधून गोदूबाई म्हणाल्या. "भरू आता डब्यात?"

"हात लावू नका!" दोघं एकदम ओरडले. "फोटो काढून होईपर्यंत तरी!"

"बरं. पण कोंबड्यांना कोण सांगणार?"

ते काम शत्रुघ्नकाकांना मिळालं. ज्या कागदावर ते उभे राहिले होते, त्याच्या शेजारी काठी घेऊन संध्याकाळपर्यंत बसून राहिले.

व्याख्यानात प्रोफेसरांनी स्वतःची चूक मोठ्या उत्साहाने सांगितली. पडद्यावर दहा पिवळ्या ओळी होत्या, कडेला गोदूबाईंचा अंगठा आणि खाली इंग्रजीत दोन नावं: ठसा, सखाराम शिगवण; हळद, गोदूबाई धनावडे. बावीस वर्षांत वडिलांचं नाव असं पहिल्यांदाच आलं होतं. मागच्या रांगेतून अंतराने ते दोनदा वाचलं.

"ही पिवळी पूड कोणत्या कंपनीची?" एका पाहुण्या विद्वानाने वही उघडून विचारलं.

"घरची आहे," प्रोफेसर गंभीरपणे म्हणाले. "मिळेल तुम्हाला. पण गावाहून येणारं कुणीतरी बघावं लागेल."