सरकारी काका

आमच्या लिंबाजी मास्तरांनी एका सरकारी वस्तूसाठी मिशी उतरवली होती. निजामी राज्यात सरकारसाठी लोक बरंच काही उतरवत, पण मिशी कोणी दिल्याचं ऐकिवात नव्हतं.

राजूरच्या अलीकडे आमची शाळा. मास्तर मोठे, मी त्यांच्या हाताखाली. खेड्यातल्या पोरांना साइन्स शिकवायला सरकारनं मदत मंजूर केली, तसा मास्तरांनी अर्ज धाडला. मागितलं काय, तर चुंबक, तराजू आणि एक भिंग. मास्तरांना साइन्सचं भारी वेड. भाकरी का फुगते, म्हैस पाण्यात का बसते, काहीही विचारा. "ह्यात साइन्स हाय," एवढं ठासून सांगत. कोणतं, ते मात्र सांगत नसत.

जालन्याच्या स्टेशनावरून बैलगाडीनं पेटी आली. वेशीबाहेरच्या बाभळीखाली उघडली, तर आत माणसाचा अख्खा सांगाडा. गाडीवान बैल सोडून पळाला.

"परत धाडू," मी म्हणालो.

"येडे का काय बापूराव? सरकार परत घेतं बराबर, परत देत न्हाई. शाळा तपासायला मोहतमीम साहेब येऊन राह्यले. हे वर्गात टांगलेलं दिसलं न्हाई तर साइन्सची मदत बंद."

पण पाटील वेशीत आडवे उभे. "मास्तर, बिनसंस्काराचं मढं गावात येणार न्हाई. भूत होऊन ऱ्हाईल. आधी वारस दाखवा, जाळा, मंग न्या."

"जाळलं तर सरकार मला जाळंल."

शेवटी जोशीबुवांनी तोड काढली. देह सापडला नाही, तर पळसाच्या पानांचा पुतळा करून जाळतात. इथं देह सापडला होता, नको तितका सापडला होता, तरी पुतळा जाळायचं ठरलं. आता वारस कोण? सगळे एकमेकांकडे बघू लागले.

"माझा चुलता हाय," मास्तर म्हणाले आणि न्हाव्यापुढं जाऊन बसले.

पुतळा जळला. ज्याचा होता तो बाभळीला टेकून आपलाच अंत्यविधी बघत होता. मास्तरांनी दहा दिवस सुतक धरलं, दहाव्याला पिंड ठेवले. कावळाही शिवला. तेराव्याला गावानं जेवून घेतलं आणि काका वाजतगाजत शाळेत आले.

मोहतमीम साहेब तपासणीला आले. साहेबांनी सांगाड्याकडे बोट केलं. "ये क्या है?"

"मास्तर के काका," अख्खा वर्ग म्हणाला.

साहेबांनी मांडीचं हाड दाखवायला सांगितलं. पोरगं पुढं आलं, आधी काकांच्या पाया पडलं, मग मांडी दाखवली. बरगड्या दाखवणारंही पाया पडलं, कवटी दाखवणारंही. वडीलधाऱ्याला एकदम हात कसा लावणार? साहेबांनी जाताना शेरा दिला, "अदब उत्तम, साइन्स ठीक." मदत चालू राहिली. मास्तरांची मिशीही परत आली.

पुढं पितृपंधरवड्यात एका दुपारी मी त्यांच्या घरी गेलो. मास्तर एकटेच राहत. सुट्टी होती म्हणून सांगाडा घरी आणलेला, पाटावर बसवलेला. पुढं पान वाढलेलं होतं, खीर, वडे, गवारीची भाजी.

मला हसू आलं. "मास्तर, साहेब येऊन गेले. आता हे सोंग कशाला?"

मास्तरांनी हात पुसले.

"प्लेगात घरचे समदे गेले तवा मी एवढासा व्हतो. मामानं गाडीत घालून नेलं मला. कोणाला कुठं जाळलं, हे बी कोणी सांगितलं न्हाई. पान कोणापुढं वाढावं तेच कळत नव्हतं, बापूराव. हे पहिलंच माणूस घरी आलं."

पितरांच्या नावानं जेवायला कोणीतरी लागतं. मी हातपाय धुतले आणि पानावर बसलो.

मास्तर वाढत होते. "खीर घ्या अजून," ते म्हणाले, "काकाला लई आवडायची."