सरवदे वकील आणि येसरचा खटला

नांदूरघाटचे सरवदे वकील केस एका सलूनमध्ये कापतात आणि दाढीला रस्ता ओलांडून समोरच्या सलूनमध्ये जातात. मानेवर पावडर, खांद्यावर केसांचे तुकडे, हातात चष्मा, अशा अवतारात ते भर रस्त्यात दिसले की नवखा माणूस दचकतो. आम्हांला सवय आहे. कारण विचारलं तर म्हणतात, "सगळं एकाकडंच केलं तर दुसरा दुकान बंद करंल. आन् दुसरा गेला की पहिला आपल्या मानंवर वस्तरा ठिवून भाव सांगंल. मंग काय करशील?"

एकदा दाढीवाला सासुरवाडीला जाऊन बसला. वकीलकाकांनी दाढी तशीच वाढवली आणि तशीच केजच्या कोर्टात नेली. न्यायाधीशांनी काळजीनं विचारलं, "वकीलसाहेब, तब्येत बरी नाही का?" काका म्हणाले, "तब्येत ठणठणीत हाय साहेब, बाजार आजारी हाय." समोरचा पक्षकार हसला म्हणून कोर्टानं त्याला समज दिली.

ते माझे शेजारी. आमच्या दोघांच्या घरांत एकच भिंत, आणि ती भिंतसुद्धा त्यांच्या मते संशयास्पद, कारण ती दोघांची मिळून एकच आहे. मी त्यांना वकीलकाका म्हणते. काकू जाऊन बरीच वर्षं झाली. त्या गेल्यानंतर बाररूममधल्या कुणीतरी दुसरं लग्न सुचवलं होतं, तेव्हा प्रत्येक गोष्टीत दुसरा पर्याय मागणारा हा माणूस म्हणाला, "गप बे. तिथं पर्याय नसतो." पुढं तो विषय कुणी काढला नाही.

या वेडाला मूळ आहे. मक्तेदारीला आळा घालणारा स्पर्धेचा कायदा नवा आला, तेव्हा काका ऐन उमेदीत होते. औरंगाबादला कामाला गेले ते कायद्याचं पुस्तक घेऊन आले आणि पाठच केलं. पुढचा जमाना मोठ्या कंपन्यांचा आहे, आपल्या जिल्ह्यात या कायद्याचा पहिला वकील आपणच, अशी त्यांची खात्री. पाटीवर रंगवून घेतलं: दिवाणी, फौजदारी व स्पर्धा कायदा. पाटी वाचून लोक आले, नाही असं नाही. पण ते सगळे स्पर्धा परीक्षेचं मार्गदर्शन मागायला आलेले. काका त्यांना चहा पाजून परत पाठवत. त्यातला एक पुढं खरोखर तहसीलदार झाला आणि पेढे घेऊन आला, तेव्हा काकांनी ते निमूटपणे खाल्ले.

बाकी साऱ्या हयातीत बांधाची भांडणं, वाटण्या आणि न वटलेले धनादेश. पण डोक्यात कायदा घोळत राहायचा. गावात वकील म्हणून आपण एकटेच उरलो आहोत हे लक्षात आलं, तेव्हा काकांनी स्वतःच्या घराची पुढची खोली एका दुसऱ्या वकिलाला दिली. त्याची पाटी यांच्या पाटीशेजारी लागली. पक्षकार वाटेतच तिकडं वळू लागले. मी म्हटलं, "काका, हे कावून केलं?" तर म्हणाले, "मी एकटाच ऱ्हायलो असतो तर मीच मक्तेदार झालो असतो की. मला माझीच तक्रार करावी लागली असती."

अशा माणसाला गाव हसतं. मीही हसायचे. मग माझ्यावरच वेळ आली.

मी येसर करते. बाहेरच्यांसाठी सांगते: डाळी, धान्य आणि खडा मसाला भाजून दळलेलं ते पीठ. उकळत्या पाण्यात सोडलं, फोडणी दिली की आमटी तयार. आमच्याकडं लग्नाच्या पंगतीला येसर नसेल तर सोयरे तोंडावर बोलतात. हे येसर मी मोबाइलवरच्या एका मोठ्या विक्रीच्या ॲपवर टाकलं आणि अंदाजच चुकला माझा. पुण्या-मुंबईला, सुरतेला, जिथं म्हणून आपली माणसं गेली तिथून मागणी येऊ लागली. भाजायला, दळायला, पाकिटं भरायला गावातल्या चार बाया लागल्या. कोंडाबाई त्यांच्यात थोरली. डाळ किती भाजायची ते ती नुसत्या वासावर सांगते आणि माझं चुकलं तर मलाही बोलते.

एका उन्हाळ्यात त्या ॲपनं स्वतःचंच येसर काढलं. पाकिटाचा रंग माझ्यासारखा, मजकूर माझ्यासारखा, फक्त बाई कुठली तरी फोटोतली. काय खपतं, कुणाला खपतं, हे सगळं त्यांना माझ्याच विक्रीतून दिसत होतं. 'येसर' असं शोधलं की त्यांचं पहिलं, त्यांचंच दुसरं, मग मेतकूट, मग का कोण जाणे झाडू, आणि बोट दुखेपर्यंत खाली सरकवलं की माझं. मागणी आटली. भरलेली पाकिटं खोलीत तशीच पडली. दिवाळीपर्यंत हे असंच राहिलं तर कारखाना बंद करावा लागणार होता. दोघींना मी सोमवारपासून येऊ नका म्हणून सांगितलं आणि आत जाऊन रडले.

भिंतीपलीकडं ऐकू गेलं असावं. काका आले. सगळं ऐकून घेताना त्यांचा चेहरा गंभीर होता, पण डोळे चमकत होते. मला राग आला.

"काका, माझं घर बसायला लागलं आणि तुम्ही खूश?"

"पोरी, बाजार बी त्यांचा, दुकान बी त्यांचं, आन् दुकानदार कुठं बसंल ते सांगणारे बी तेच. ह्यालाच मक्तेदारीचा गैरवापर म्हणतेत. मी लई वर्सं हे पुस्तकात बघायलो. डोळ्यासमोर पयल्यांदा बघितलं." मग जरा ओशाळून म्हणाले, "तुझं वाईट झालं. पर केस लई चांगली हाय."

या कायद्याच्या तक्रारी ऐकणाऱ्या दिल्लीच्या आयोगाकडं जायचं तर पुरावा हवा. एकट्या माझ्या मोबाइलवर असं दिसतं असं कुणी म्हणू नये म्हणून काकांनी युक्ती काढली. आमच्या सगळ्या सोयऱ्याधायऱ्यांनी एकाच दिवशी आपापल्या गावी 'येसर' शोधायचं आणि जे दिसेल त्या पडद्याचा फोटो पाठवायचा. आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर त्यांनी खणखणीत आवाजात निरोप टाकला. चकलांब्याच्या माझ्या आत्यापासून सुरतेच्या भाच्यापर्यंत सगळे कामाला लागले.

आत्यानं स्वतःच्या तोंडाचा फोटो पाठवला. तेही एक वेळ चाललं असतं. पण बाकीच्यांनी काय केलं, तर आपल्या मंगलचं येसर इतकं तळाला पडलेलं बघून त्यांचा जीव कळवळला आणि प्रत्येकानं ते विकत घेतलं. वर पाच चांदण्याही दिल्या. खाऊन न बघता कुणी लिहिलं, अमृत. संध्याकाळपर्यंत माझं येसर दुसऱ्या नंबरवर येऊन बसलं.

मी आनंदानं काकांना दाखवायला गेले. त्यांनी कपाळावर हात मारला.

"बुडवलं! मायेनं बुडवलं! आता मी आयोगाला काय सांगू, की अन्याय सकाळी होता आन् चहाच्या वक्ताला संपला?"

आठवड्याभरात पाहुण्यांची माया ओसरली आणि मी पुन्हा झाडूच्या खाली गेले. काका प्रसन्न झाले. गटावर नवा निरोप पडला: "कोणीबी माया करू नये. आदी फोटू. माया नंतर." या वेळी फोटो नीट आले. आत्यानं आपला फोटो याही वेळी पाठवला, पण केस विंचरून.

काकांनी आधी ॲपवाल्यांना नोटीस धाडली आणि मग दिल्लीच्या तयारीला लागले. नवा काळा कोट एका टेलरकडं शिवला, पँट दुसऱ्याकडं. दोन्ही काळे रंग जुळले नाहीत. पहाटे गच्चीवर पाण्याच्या टाकीसमोर उभे राहून ते इंग्रजीतून युक्तिवाद करत. आवाज असा लागायचा की मी अंथरुणात उठून बसायचे. इतकी वर्षं शेजारी राहून हा माणूस असं बोलू शकतो हे मला माहीतच नव्हतं.

आणि कंपनीच्या माणसाचा फोन आला. गोड बोलणारा होता. मॅडम, तुमचं येसर पहिल्यासारखं दिसेल, आमचा माल तुमच्या वर दाखवणार नाही, लेखी देतो. फक्त आयोगाकडं जाऊ नका. दिवाळी तोंडावर आली होती. मी म्हटलं, वकिलांना विचारून सांगते.

काका अंगणात खुर्ची टाकून बसले होते. मी फोनवरचं सगळं सांगितलं. त्यांच्या आयुष्यातली त्या कायद्याची एकुलती एक केस माझ्या हातात होती.

"काका, मी सही करते," मी म्हणाले. "पण तक्रार तुम्ही तुमच्या नावानं करा. कुणीही करू शकतं, तुम्हीच सांगितलं होतं."

"करू शकतो. पर मी केली तरी त्यांचा राग तुझ्यावरच निघंल. पुन्हा खाली ढकलतेल तुला." त्यांनी चष्मा पुसला. "कायदा माणसासाठी हाय, मंगल. उद्या दुसरं कुणी आलं तर लढू. तुझ्या बायांना सोमवारी कामावर बोलीव."

मी सही केली. दिवाळीच्या आधीच मागणी परत सुरू झाली आणि चारही जणी कामावर आल्या. आज आमच्या चुली पेटतात त्या या माणसामुळं, हे मी कुणापुढंही सांगते. काकांनी फी घेतली नाही. कोर्टात कुणी विचारलं की म्हणायचे, "पक्षकाराचं काम झालं." मात्र पहाटेचा गच्चीवरचा आवाज बंद झाला, आणि आता निवांत झोपता आलं असतं तरी मला पहाटेच जाग यायची.

एका दुपारी मी भिंतीपलीकडं गेले आणि म्हणाले, "काका, जे दिल्लीत बोलणार होता ते आम्हांला ऐकवा."

"तुमाला? येड लागलं का?"

"केस आमचीच होती ना?"

ते आले. कढईखालचा जाळ विझवला. बाया पोत्यांवर रांगेत बसल्या, पदरानं हात पुसून. काकांनी घसा साफ केला आणि सुरुवात केली. कलमं आली, बाजार म्हणजे काय ते आलं, बलवान कुणाला म्हणावं ते आलं, मधूनच 'नांदूरघाट' आलं, 'येसर' आलं, आणि एकेका बाईचं नाव आलं. त्यांनी आमच्या पाचही जणींची नावं युक्तिवादात घातली होती. आपलं नाव ऐकलं की जी ती सावरून बसायची. भाजलेल्या डाळीचा वास कोंदलेल्या त्या खोलीत काका घामानं भिजून बोलत होते आणि कुणीही हसत नव्हतं.

बोलणं संपल्यावर काका तसेच उभे राहिले.

"काही कळलं का?" त्यांनी विचारलं.

कोंडाबाई म्हणाली, "इंग्रजी न्हाई कळलं साहेब. पर तुमी आमच्यासाठी भांडायलाव, एवढं कळलं. आमच्याकडून तुमी जिंकलाव."

काकांनी मान डोलावली आणि ते पोत्यावर तिच्याशेजारी बसले. मी पाणी दिलं ते त्यांनी घटाघटा प्यायलं. मग डोळ्यांना रुमाल लावून म्हणाले, "मसाल्याचा खाट लई उठलाय हितं, डोळं चुरचुरायलेत." कढईखाली तेव्हा जाळ नव्हता. आम्ही पाचही जणी हो म्हणालो आणि कोंडाबाईनं उठून खिडकी उघडली.