एक सवारी बाकी

रहमानभाई माझ्याशी पहिल्यांदा बोलले ते माझ्या टूथब्रशबद्दल. चंद्रपूरहून बदली होऊन आम्ही ब्रह्मपुरीला आलो, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणातल्या नळावर दात घासत होते. कुंपणापलीकडून एक पांढरी दाढी वर आली. दाढीच्या वर एका डोळ्याला घड्याळजीचं भिंग. त्या भिंगातून त्यांनी माझ्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं,

"बाई, हा ब्रश कवापर्यंत चालते तुमचा?"

तोंडात फेस होता. मी नुसतीच मान हलवली.

"घाई नाई. घासा, घासा. पण टाकसान तवा मले सांगजा. असा लाल, आरपार दिसणारा दांडा इथी भेटत नाई."

मी वहीत टिपून ठेवणारी बाई आहे. कॉलेजच्या ऑफिसात चाळीस जणांच्या रजा माझ्याकडे असतात, घरात किराणा आणि दूधवाल्याचे खाडे. मी लिहिलं: 'ब्रश, शेजारी, जुना झाल्यावर.' पुढे कळलं की गल्लीतल्या जवळजवळ प्रत्येक घरातला ब्रश असाच आधीपासून बोलून ठेवलेला आहे. लाल दांड्याचे सिग्नल होत, हिरव्याचेही सिग्नल होत, आणि निळ्या दांड्याचं काय करायचं ते रहमानभाईंना अजून सुचलं नव्हतं. तरी ते निळे सोडत नसत.

रहमानभाईंचं बाजारात घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं, म्हणजे एक काचेची पेटी आणि मागे एक स्टूल. पण मनगटी घड्याळं स्वस्त झाली, लोक दुरुस्त करण्याऐवजी नवीच घेऊ लागले, आणि रहमानभाईंच्या चिमट्याला काम उरलं नाही. तेवढ्यात दुबईत नोकरीला असलेल्या भाच्याने खेळण्यातल्या आगगाडीचा संच पाठवला. इंजिन, चार डबे, रूळ आणि एक मोठं खोकं, त्यात प्लास्टिकचे सुटे भाग. भाग जोडले की गाव तयार होतं. भाच्याने चांगल्या मनाने पाठवलेलं ते गाव कुठल्यातरी बर्फाळ मुलुखातलं होतं.

रहमानभाईंनी त्या गावाची ब्रह्मपुरी करायला घेतली. तीही रुळासकट, स्टेशनासकट. आमची छोट्या रुळाची गाडी तेव्हा बंद होणार होती, तिच्या जागी मोठा रूळ येणार होता. "छोटी गाडी जायच्या आधी हे उभी झाली पायजे," असं त्यांनी जाहीर केलं आणि समोरच्या खोलीतलं सगळं सामान मागच्या खोलीत गेलं.

पैसे घालायचे नाहीत हा नियम. त्यामुळे खिळा चुलीवर तापवून चाकू केला. डिंकासाठी गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी घरोघर फिरून मखरांचा थर्माकोल गोळा केला. पेट्रोलच्या वाटीत थर्माकोल टाकला की तो विरघळतो आणि प्लास्टिकला असा चिकटतो की घर मोडेल पण जोड मोडणार नाही. कुणाच्या मखराचा कुठला जोड हे त्यांना पाठ असे. "हे पाहा बाई, मालधक्का तुमच्या गणपतीनं धरून ठेवला हाये."

बर्फाच्या गावातली उतरती छपरं कापून त्यांनी बसकी केली. शीतपेयाच्या नळ्या उभ्या चिरून त्यांचे छपरांवर घालायचे कवेलू केले. चर्चचा मनोरा काढून तो राइस मिलच्या डोक्यावर धुराडं म्हणून बसवला. उरलेलं चर्च धानाचं गोदाम झालं. पांढऱ्या-काळ्या ठिपक्यांच्या गाई होत्या, त्यांच्यावर बूट पॉलिश फिरवलं. "गाईची म्हैस करायले काई लागत नाई बाई. म्हशीची गाय करून दाखवा कोणी!" कंगव्याच्या दात्यांचं फलाटाचं कुंपण झालं. काळ्या झग्यातला पाद्री स्टेशनमास्तर झाला, फक्त त्याच्या हातातल्या पुस्तकाला हिरवा रंग देऊन झेंडी केली. सलाइनच्या नळीचा इंजिनला पाणी देणारा नळ झाला. ही नळी कुठून आणली म्हणून विचारलं तर म्हणाले, "घरचीच हाये."

मापाच्या बाबतीत मात्र ते फार काटेकोर. एकदा दोरा घेऊन स्टेशनवर गेले आणि बाकड्यावर झोपलेल्या एका प्रवाशाला डोक्यापासून पायापर्यंत मोजू लागले. तो जागा झाला. समोर पांढरी दाढी, हातात दोरा.

"अबे, मी जिता हाये!" तो ओरडला आणि गाडी यायच्या आतच रुळावरून वडशाच्या दिशेने चालू लागला.

"अर्धा इंच राह्यला त्याचा," रहमानभाई हळहळले.

मागच्या खोलीच्या दाराशी, पण समोरची खोली नीट दिसेल अशा बेताने, जुबेदाभाबींची खाट होती. आम्ही आलो त्याच्या आदल्या वर्षी त्यांना लकवा झाला होता. डावी बाजू गेली होती, पण जीभ शाबूत होती आणि तिला पुरेपूर काम होतं.

"अजी, घराची घडी बंद पडली ते दिसत नाई, आन् चालले गाडी चालवाले!"

"दिसते, दिसते," रहमानभाई भिंगातून म्हणत.

"बाई, तुमी तरी सांगा यायले. बुढापे में खिलौना!"

मला भाबींची दया यायची. आजारी बाईच्या डोळ्यांसमोर दिवसभर ही करवत आणि पेट्रोलचा वास. शिवाय गाव ज्या फळीवर उभं होतं ती फळी फक्त चार-चार विटांवर ठेवलेली. रहमानभाई तिच्यापुढे उकिडवे बसत आणि उठताना दोन्ही गुडघ्यांना आवाज देत. मी दोनदा सुचवलं की कॉलेजातलं जुनं टेबल मिळेल, उंचीवर ठेवा, कंबर वाचेल.

"नाई बाई. इतकंच ठीक हाये."

हट्टी माणूस, असं मी मनाशी म्हटलं. टेबल वहीतून खोडलं.

हळूहळू स्टेशन उभं राहिलं. मास्तर आले, हमाल आले, पोत्यांवर बसलेली माणसं आली. मी विचारायची, "झालं का रहमानभाई?" उत्तर ठरलेलं.

"एक सवारी बाकी हाये."

ही सवारी म्हणजे एक बुरखेवाली बाई होती. गाडीसाठी पळत येणारी. खोक्यातल्या बाया उभ्या होत्या, दोन बसलेल्या. मी म्हटलं, "उभीला बुरखा रंगवा की. काय फरक पडतो?"

"उभी नाई चालत. पळणारीच पायजे."

पळणारं खोक्यात कोणीच नव्हतं. होते ते बर्फावरून घसरणारे चार जण, गुडघ्यात वाकलेले, पुढे झुकलेले, दोन्ही हातांत काठ्या, पायांना लांब पट्ट्या. रहमानभाईंनी ठरवलं की पट्ट्या आणि काठ्या कापल्या, एक पाय सरळ करून मागे नेला की माणूस पळायला लागतो. पहिल्याचा पाय तापलेल्या खिळ्याने वाकवताना तो कमरेपर्यंत वितळला. दुसरा जमला असं त्यांना वाटलं. त्यांनी तो तळहातावर ठेवून खाटेशी नेला.

भाबींनी मान वळवून पाहिलं. "या अल्ला! ही गाडीसाठी पळून राह्यली का संडासले बसून राह्यली?"

मी तोंडाला पदर लावला. रहमानभाईंनी तो गपचूप परत नेला आणि मोहाच्या झाडामागे, योग्य जागी, बसवून टाकला.

तिसऱ्याची मान तुटली. चौथा आगपेटीत, कापसात ठेवलेला होता. एकच उरला होता आणि रेल्वेची तारीख जवळ येत होती. रहमानभाई रोज आगपेटी उघडत, पाहत आणि मिटत. दुकान बंदच असे. मी एकदा म्हटलं, "इतकं काय त्यात? भाच्याला दुसरं खोकं मागवा."

"यायले महिना लागन. गाडी थांबते का महिनाभर?" ते म्हणाले, आणि मग स्वतःशीच हसले. का हसले ते मला कळलं नाही.

शेवटच्या गाडीच्या चार दिवस आधी कुंपणावरून हाक आली. "बाई! पळाली!"

खरंच पळाली होती. एक पाय मागे, बुरखा मागे फुगलेला, तो बुरखा म्हणजे फुग्याचं काळं रबर. पायात पांढरे बूट, खडूच्या ठिपक्यांचे. हातात डबा, म्हणजे रिफिलचा तुकडा. त्यांनी तिला फलाटावर नाही, तर फलाटाच्या बरंच अलीकडे, स्टेशनाकडे येणाऱ्या वाटेवर उभं केलं. नव्हे, पळवलं.

आता मला राहवेना. इतकं झालंय तर रीतसर कार्यक्रम करू, शेवटची गाडी निरोप घेऊन गेली की गल्ली जमवू, चहा देऊ. मी वही काढली आणि उरलेल्या त्रुटी लिहिल्या. दोनच होत्या. एक, गाडी फलाटातून निघाली की दोन वीत जाऊन बंद पडायची. मी गेले तेव्हा तेव्हा पाहिलं होतं. रहमानभाई "चालते, चालते" म्हणत विषय बदलायचे. दोन, भाबींच्या उशीपाशी घंटीचं बटण होतं, ते वाजत नव्हतं. मी स्वतः दाबून पाहिलं होतं. आजारी माणसाची घंटी बंद आणि नवऱ्याला पत्ता नाही.

शेवटच्या गाडीच्या दिवशी रहमानभाई दुपारीच स्टेशनवर गेले. भाबींना शेवटची शिटी ऐकायची होती म्हणून आम्ही बायांनी त्यांना खुर्चीवर बसवून रस्त्यावरच्या दारात नेलं. घर रिकामं होतं. मी आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या डोंगरेला बोलावून ठेवलंच होतं. दोघांना खूश करायचा माझा बेत होता.

डोंगरे पालथा पडून बोलला, "मॅडम, इथी रूळच तुटला हाये. कापल्यासारखा. आन् ही तार पाहा, सरळ खाटेखाली गेली, घंटीले. हिचा काई उपेग नाई."

"मग काढ ती. आणि तीच रुळाला जोड. घंटीचं मग पाहू."

दहा मिनिटांत काम झालं. गाडी तीन फेऱ्या न थांबता फिरली. मी वहीत दोन्हींपुढे खुणा केल्या.

दुरून शिटी आली, लांबच लांब, ड्रायव्हरने सोडलीच नाही. दारात बसलेल्या भाबी म्हणाल्या, "आज तर टाइमावर गेली मेली."

थोड्या वेळाने रहमानभाई आले, डोळे लाल, मागे अर्धी गल्ली. भाबींना पुन्हा खाटेवर निजवलं, उशीला टेकवलं. सगळे भिंतीला लागून उभे राहिले. मीच तेवढी फळीपाशी खाली बसले, तेव्हा दिसलं की फळी, फलाट आणि भाबींचे डोळे अगदी एका रेषेत होते.

रहमानभाईंनी गाडीचं बटण दाबलं. गाडी नागभीडच्या दिशेने निघाली. राइस मिल गेली, मालधक्का गेला, गाडी फलाटात शिरली, फलाटातून सुटली आणि त्या पळणाऱ्या बाईला मागे टाकून सरळ पुढे निघून गेली.

खाटेवर खट् खट् खट् असा आवाज झाला. भाबी उजव्या हाताने ते घंटीचं बटण जिवाच्या आकांताने दाबत होत्या.

"अजी! थांबवा ना! थांबवा! मी राह्यली!"

रहमानभाईंनी दोन्ही हातांनी चालती गाडी उचलली. चाकं त्यांच्या हातात फिरत राहिली.

नंतर मला कळलं ते सगळ्या गल्लीला आधीच माहीत होतं. मी कधी विचारलं नव्हतं. भाबी नागभीडला नर्स होत्या. रोज सकाळच्या गाडीने जायच्या आणि रोज उशिरा निघायच्या. घड्याळजीची बायको, साऱ्या गावाची घड्याळं घरात टिकटिकत आणि ही बाई डबा घेऊन पळायची. गाडी फलाटातून निघायची, पण गार्डला वाटेवर पांढरे बूट दिसले की तो लाल झेंडी काढायचा. दोन डबे फलाटाबाहेर गेलेले असत. भाबी चढायच्या, मग गाडी जायची. ड्रायव्हर बदलले, गार्ड बदलले, जाणारा येणाऱ्याला सांगून जायचा. छोट्या गाडीला हे परवडत होतं. आणि खाटेवरचं ते बटण घंटीचं नव्हतंच; तुटलेल्या रुळावर गाडी थांबायची आणि भाबींनी ते दाबलं की पुढे निघायची.

त्यावेळी मात्र मी एवढंच केलं. डोंगरेने जोडलेली तार ओढून काढली आणि रहमानभाईंच्या हातात दिली. ते खाटेखाली सरपटत गेले. बरीच खुडबुड झाली. आतूनच त्यांनी विचारलं, "झालं का, पाहा."

कुणीतरी गाडी रुळावर ठेवून तिचं बटण दाबलं, ती पुन्हा निघाली. फलाटातून सुटली, दोन वीत गेली आणि थांबली. वाटेवर पांढरे बूट पळत होते. भाबींचा अंगठा बटणावर होता, पण त्या दाबत नव्हत्या. चहा आला, कप वाटले गेले, चहावर साय धरली.

शेवटी मीच हळूच म्हटलं, "भाबी, जाऊ द्यायची का आता?"

"काऊन घाई करता बाई?" त्या गाडीवरची नजर न काढता म्हणाल्या. "चढू तं द्या."