न जुळणारी गाठ

माझ्या मावशीच्या फुप्फुसातल्या गाठीने यंदा कोणालाही न विचारता आपल्या जनुकांत चौदा बदल केले. बदल करण्याआधी तिने अर्ज केला नव्हता, पंधरा दिवसांची पूर्वसूचना दिली नव्हती आणि जुन्या नोंदीची झेरॉक्सही जोडली नव्हती. पुढे जे काही झालं त्याला सर्वस्वी गाठच जबाबदार आहे, असं रुग्णालयाच्या माहिती पडताळणी कक्षाचं म्हणणं आहे. आणि ते लेखी आहे.

मावशी मोटार शिकवते. त्यामुळे शेजारी बसलेला माणूस चुकणारच, असं ती धरूनच चालते. दोन वर्षांपूर्वी गाठ सापडली तेव्हा तिचा एक तुकडा काढून त्यातली जनुकं वाचली गेली आणि त्यानुसार एक गोळी सुरू झाली. गाठ आक्रसली. मावशी पुन्हा लोकांवर ‘ब्रेक! ब्रेक!’ असं ओरडायला लागली. घरात आनंदीआनंद. मग यंदा खोकला परत आला.

“गाठ गोळीला दाद देत नाहीये,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “नवा तुकडा काढलाय. त्याची जनुकं जुन्या अहवालाशेजारी ठेवायची, कुठे काय बदललं ते बघायचं, की कोणती नवी गोळी चालेल ते कळेल. दोन दिवसांचं काम.”

डॉक्टरबाई हुशार आहेत, पण त्यांनी पडताळणी कक्ष फक्त बाहेरून पाहिला होता.

मला सुट्टी होती आणि आईला नव्हती, म्हणून मावशीबरोबर मी गेले. खिडकीत पडताळणी अधिकारी बसले होते. टेबल इतकं नीटनेटकं, की टाचण्यासुद्धा उंचीप्रमाणे लावलेल्या. त्यांनी पडद्यावर दोन्ही अहवाल शेजारी शेजारी घेतले, बराच वेळ बघितले आणि मान हलवली.

“जुळत नाही.”

“काय जुळत नाही?” मी विचारलं.

“चौदा ठिकाणी फरक आहे. दोन्ही नमुने एकाच रुग्णाचे आहेत हे सिद्ध होत नाही. अहवाल सोडता येणार नाही.”

“अहो, पण काय बदललं तेच तर बघायचंय!”

“बघा की. आमचं काही म्हणणं नाही. आधी जुळवून आणा, मग काय बदललं ते खुशाल बघा.”

मावशी खोकली. मग म्हणाली, “माझं रक्त घ्या हवं तर. ते तरी माझंच आहे ना?”

“रक्त दुसऱ्या मजल्यावर. इथे फक्त गाठी.”

त्यांच्याकडे उपाय मात्र होता, आणि तो त्यांनी इतक्या आपुलकीने सांगितला की आम्हाला गहिवरूनच आलं. नमुना क्रमांक दोन जुन्या रुग्णाचा नाही, म्हणजे तो नव्या रुग्णाचा आहे. तेव्हा नवा रुग्ण म्हणून नोंद करायची, साधं आहे! नाव, पत्ता, जन्मतारीख. जन्मतारीख म्हणजे अर्थातच ज्या दिवशी ही नवी गाठ पहिल्यांदा फोटोत दिसून नोंदीत आली तो दिवस. त्यांनी तो टाइप केला. संगणकाने वय काढलं, चार महिने, आणि तत्परतेने फाइल बालरुग्ण विभागाकडे पाठवून दिली.

“पालक म्हणून सही करा,” अधिकारी म्हणाले.

“कोणी?” मावशी.

“रुग्ण अज्ञान आहे. जो सांभाळतो त्याने. नातं काय लिहू?”

“घरमालकीण,” मावशी म्हणाली. “आणि पुढे लिहा, सांगून जागा सोडत नाही.”

त्यांनी लिहिलं.

बालरुग्ण विभागाच्या भिंतींवर ससे होते. परिचारिकेने मावशीला काट्यावर उभं केलं, आकडा बघितला, फाइल बघितली, परत आकडा बघितला. चार महिने, बासष्ट किलो. तिने आहारतज्ज्ञांची चिठ्ठी लिहिली. मग पान उलटलं आणि मात्र रागावली. “एकही लस दिलेली नाही? काय पालक आहात हो तुम्ही! बरं, दात आले का?”

“आले होते,” मावशी म्हणाली, “दोन काढले.”

आठवडाभर आम्ही तिथे हेलपाटे घातले. डॉक्टरबाईंनी चार पत्रं लिहिली. चारही पत्रं परत आली, कारण त्या मोठ्यांच्या डॉक्टर होत्या आणि रुग्ण लहान होता. या आठवड्यात मावशीचा आवाज बसला. आधी ती एका दमात जिना चढायची, मग अर्ध्यावर थांबायला लागली, आणि शुक्रवारी तर चौथ्या पायरीवरच बसली. मी शेजारी बसले. लोक आमच्या मधून वाट काढत वर जात होते.

“ठमे,” ती म्हणाली (मला ती ठमीच म्हणते, मी कितीही उंच झाले तरी), “मरायचं म्हटलं तर एक वेळ मरेन गं मी. पण सशांच्या भिंतीखाली नाही मरणार.”

मला हसू आलं आणि लगेच थांबलं. कारण तिने माझा हात धरला होता, आणि मावशी शिकाऊ माणसाच्या स्टिअरिंगखेरीज सहसा काही धरत नाही.

मी तरातरा पडताळणी कक्षात गेले. भांडायलाच गेले होते. खिडकीत ‘परत येतो’ अशी पाटी होती, म्हणून शेजारी टांगलेली प्रपत्रांची यादी वाचत बसले. नाव बदलणे. पत्ता बदलणे. खाट बदलणे. गाठ बदलणे असं काही नव्हतं. पण सतराव्या ओळीत होतं, वारसनोंद. मयत रुग्णाची कागदपत्रं वारसाच्या ताब्यात देण्याबाबत.

मी शाळेत अर्जलेखनात कायम पैकीच्या पैकी गुण मिळवते. अधिकारी परत येईपर्यंत अर्ज तयार होता.

“अर्ज करण्यास कारण की, गाठ क्रमांक एक ही गोळीच्या नियमित सेवनाने मयत झाली आहे. तिच्या पश्चात गाठ क्रमांक दोन ही तिची वारस असून जागेचा ताबा आधीपासूनच तिच्याकडे आहे. तरी मयताचा अहवाल वारसाच्या अहवालाशेजारी ठेवण्याची कृपा व्हावी.”

अधिकाऱ्यांनी तो दोनदा वाचला. त्यांचा चेहरा असा उजळला, की हा माणूस लहानपणी गोड दिसत असावा असं मला वाटून गेलं.

“अहो, मग हे आधी सांगायचं! वारस मयताशी जुळलाच पाहिजे अशी अटच नाही. तंतोतंत जुळला तर उलट चौकशी लागते.” त्यांनी शिक्का उचलला आणि हवेतच थांबवला. “इतर वारस?”

मावशी तोवर भिंतीला धरत धरत येऊन पोचली होती. “यकृतापाशी एक बारकं असावं म्हणतात. अजून नक्की नाही.”

“त्याचं ना-हरकत लागेल.”

“ते बोलत नाही अजून.”

“मग अज्ञान वारस. पालकाने सही करावी.”

मावशीने सही केली. शिक्का पडला.

डॉक्टरबाईंनी तो अर्ज वाचला आणि चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसल्या. मग एकदम गंभीर झाल्या. “या कक्षातून बाहेर पडलेला हा पहिला शास्त्रीय कागद आहे. खरंच असं असतं गं. गोळीने बहुतेक पेशी मारल्या. ज्या थोड्या वेगळ्या होत्या त्या तेवढ्या वाचल्या, आणि आता आहे ती सगळी त्यांची पिलावळ. वारसच.”

दोन्ही अहवाल शेजारी ठेवून बघायला त्यांना चाळीस मिनिटं लागली. चौदांपैकी तेरा बदल किरकोळ होते. चौदावा मुख्य. त्याच्यावरची गोळी खाली औषधांच्या दुकानात, डाव्या कपाटात, पहिल्यापासून पडून होती. पाच आठवड्यांनी गाठ निम्मी झाली. ते बारकंही दिसेनासं झालं. “सध्या तरी,” डॉक्टरबाई म्हणाल्या. आमचं घर हल्ली ‘सध्या’वर चालतं, आणि छान चालतं.

खरं तर गोष्ट इथेच संपायला हवी होती. पण डॉक्टरबाईंना राहवेना. गाठी औषधाला दाद का देत नाहीत हे कळायचं तर असे बदललेले सगळे अहवाल एकत्र बघायला हवेत, म्हणून त्या खाली येऊन अधिकाऱ्यांना म्हणाल्या, “तीन वर्षांत न जुळलेले किती होते? ते सगळे द्या मला.”

“सहाशे बारा,” अधिकारी म्हणाले. “बाद केले. न जुळणारी माहिती आम्ही ठेवत नाही. त्यामुळेच आमची माहिती इतकी शुद्ध आहे.”

पुढच्याच महिन्यात त्या शुद्ध माहितीवरून वार्षिक निष्कर्ष निघाला. औषधाला दाद न देणारी एकही गाठ या रुग्णालयात आढळलेली नाही. पेपरात पहिल्या पानावर बातमी आली, अधिकाऱ्यांचा पुष्पगुच्छासह फोटो आला. यशस्वी रुग्णांच्या यादीत मावशीही आहे. गाठ क्रमांक एक, मयत.

ती बातमी मला अकरा जणांनी फोनवर पाठवली, सगळ्यांनी हात जोडून आणि फुलं लावून. त्यातले दोघं तर तुमच्यासारखेच आहेत, चांगले वाचणारे. बघा ना, आत्तासुद्धा तुमच्या ओठांवर प्रश्न आहे, मावशी बरी आहे ना? आहे हो, आत्ताच कोणावर तरी ओरडत गेली. सहाशे बारांचं मात्र तुम्ही विचारलं नाहीत. बरोबर आहे तुमचं. इतकी पानं वाचून तुमची ओळख झाली ती एकट्या माझ्या मावशीशी.